वर्डमध्ये फोटो जागेवर राहत नाहीत आणि फाइल फार जड होते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळशिल्पांवर, म्हणजे खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांवर, कॉलेजचा अहवाल करताय. साठेक फोटो आहेत, वर एखादी ओळ वाढवली की खालचे फोटो भलत्याच पानावर जातात, आणि फाइल मेलने जात नाही. मी राजापुरात डीटीपीचं काम करते. असे अहवाल आणि देवस्थानांच्या स्मरणिका सतत हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोटो माउसने ओढून पानावर बसवणं आधी थांबवा. निम्मा त्रास तिथेच संपेल.

वर्डमध्ये फोटो टाकला की तो सहसा ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ येतो. म्हणजे वर्डच्या लेखी ते एक मोठं अक्षर असतं. मजकूर पुढे सरकला की तेही सरकतं, मधलं वाक्य खोडलं की मागे येतं, आपली ओळ सोडत नाही. पण तो हवा तिथे ओढता येत नाही म्हणून आपण ‘स्क्वेअर’ किंवा ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ निवडतो, आणि फोटो ओळीतून सुटून तरंगायला लागतो. त्याचा नांगर मात्र कुठल्यातरी परिच्छेदात रुतलेला असतो. फोटोवर क्लिक केलंत की समासाजवळ नांगराचं छोटं चिन्ह दिसेल. नांगरलेली होडी जशी दोराच्या टप्प्यात फिरते, तसा हा फोटो त्या पानाच्या आत कुठेही बसतो. नांगराचा परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही मागोमाग जातो. तो परिच्छेद खोडलात तर फोटोही जातो, आणि हे बऱ्याचदा छापून झाल्यावर लक्षात येतं.

म्हणून साठ फोटोंच्या कामात सगळे फोटो ओळीतच ठेवा. फोटो निवडला की बाजूला लेआउट ऑप्शन्सचं बटण येतं, तिथला पहिलाच पर्याय. लिब्रेऑफिस वापरत असाल तर अँकरमध्ये ‘ॲज कॅरेक्टर’. प्रत्येक फोटोला स्वतंत्र परिच्छेद द्या आणि त्या परिच्छेदासाठी एक स्टाइल करून ठेवा: मध्यभागी, लाइन स्पेसिंग सिंगल, सुरुवातीचा इंडेंट शून्य, आणि ‘कीप विथ नेक्स्ट’ चालू, म्हणजे फोटो एका पानावर आणि त्याखालची माहितीची ओळ (कॅप्शन) दुसऱ्या पानावर असं होणार नाही. लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ असेल तर फोटोची नुसती एक पट्टी दिसते. मराठी मजकुरात वेलांट्या-उकारांमुळे ओळी वरखाली होतात म्हणून बरेच जण ‘एक्झॅक्टली’ लावतात, आणि मग फोटो खराब झाला असं समजून पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

दोन फोटो शेजारी-शेजारी हवे असतील, म्हणजे एक ड्रोनचा आणि एक जमिनीवरून काढलेला, तर एका ओळीचं दोन खान्यांचं टेबल करा, बॉर्डर काढून टाका आणि टेबलच्या ऑप्शन्समधलं ‘ऑटोमॅटिकली रिसाइज टू फिट कंटेंट्स’ बंद करा.

या पद्धतीत एक अडचण राहते. मोठा फोटो पानात मावला नाही की पुढच्या पानावर जातो आणि खाली पांढरी जागा उरते. त्यासाठी मजकुरात ‘खालील फोटोत’ असं कधीच लिहू नका. फोटोवर राइट-क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’ घ्या, ‘न्यू लेबल’मध्ये ‘छायाचित्र’ असं नाव द्या, आणि मजकुरात क्रमांक रेफरन्सेसमधल्या ‘क्रॉस-रेफरन्स’मधून आणा. मग पुढचा परिच्छेद फोटोच्या आधी घेऊन ती जागा बिनधास्त भरता येते. मध्ये नवा फोटो घातलात तर कंट्रोल-ए आणि एफ ९ दाबा, सगळे क्रमांक नव्याने लागतील. त्यावरूनच छायाचित्रांची सूचीही तयार होते.

आता फाइलचं वजन. कोपरा ओढून फोटो लहान केला म्हणून फाइल हलकी होईलच असं नाही, मूळ फोटो बहुतेकदा पूर्णच आत असतो. क्रॉप करून कापलेला भागसुद्धा आतच राहतो. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. ए-४ पानावर दोन्हीकडे एकेक इंच समास सोडला तर सव्वासहा इंच उरतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी १९०० पुरतात. म्हणजे तुम्ही दुपटीहून जास्त रुंदीचे फोटो वाहताय. फोटो निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ घ्या, ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’वरची खूण काढा, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण ठेवा आणि २२० पीपीआय (इंचाला पिक्सेल) निवडा. मेलसाठी १५० ची वेगळी प्रत करा. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. फोटो असे दाबून फाइल सेव्ह आणि बंद केली की मागे फिरता येत नाही, तेव्हा मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपा.

मित्रांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. जांभ्याचा पृष्ठभाग मुळातच खडबडीत, त्यात कोरलेली रेघ उथळ. साध्या पाठवणीत फोटो दाबला जातो, तेव्हा आधी हीच बारीक रेघ भोवतालच्या खड्ड्यांत मिसळते. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कोरलेल्या हत्तीच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत, त्या अशा फोटोत ओळखूच येत नाहीत. वर्डमधल्या ‘करेक्शन्स’मध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून हे परत येत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर पुन्हा जाऊन फोटो काढा, तिरप्या उन्हात रेघेला सावली मिळते. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडूने भरू मात्र नका, कृपा करून.

फोटोतली मोजपट्टी क्रॉप करू नका. कॅप्शनमध्ये ‘प्रमाण १:५०’ लिहिलंत तर फोटो लहान-मोठा करताच ते खोटं ठरतं. फोटोतली पट्टी फोटोबरोबरच बदलते. मात्र ताणायचं ते कोपऱ्यावरूनच. बाजूच्या मधल्या ठिपक्याने ओढलं की आकृती बसकी होते, आणि तुमच्या विषयात ती चूक फार मोठी. बाण, उत्तर दिशा, अक्षरं फोटोवर वर्डमध्ये काढू नका, ती वेगळी तरंगतात आणि फोटो हलला की मागे राहतात. आधी पेंटमध्ये फोटोवरच काढा आणि मग तो फोटो घाला.

एवढं बारकाईने सांगण्याचं कारण विषय. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण त्यापलीकडे कितीतरी सड्यांवरची (जांभ्याच्या उघड्या पठारांवरची) चित्रं यादीबाहेर आहेत आणि आजूबाजूला चिरेखाणी चालू आहेत. अशा एखाद्या चित्राची नीट नोंद तुमच्याच अहवालात राहू शकते.

कुणी फोटो वर्ड फाइलमध्ये घालूनच पाठवले असतील तर ते कॉपी-पेस्ट करू नका. त्या फाइलची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं .docx काढून तिथे .zip लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ आहे, पाठवणाऱ्याने आधीच दाबले नसतील तर फोटो तिथे पूर्ण आकारात मिळतात. छापखान्याला शेवटी पीडीएफच द्या आणि ती करताना ‘मिनिमम साइज’ निवडू नका.