‘वॉकर’ हे आडनाव: चालणारा की कापड तुडवणारा?

प्रश्न असा आला आहे: बडोद्याच्या गायकवाडांचा इतिहास वाचताना रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल अलेक्झांडर वॉकर भेटतो. काठेवाडच्या संस्थानिकांच्या खंडणीची १८०७ सालची व्यवस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते. इंग्रजीत ‘वॉक’ म्हणजे चालणं. मग या माणसाच्या कुळात पूर्वी कोणी पायी टपाल नेणारा, आपल्या जासुदासारखा होता का? आणि इंग्लंड-अमेरिकेत जिकडे तिकडे वॉकर दिसतात, ते सगळे एकाच कुळातले का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. वॉकर हे धंद्यावरून पडलेलं आडनाव आहे आणि तो धंदा लोकरी कापडाचा आहे. विणकराने मागावरून उतरवलेलं कापड तुडवून, धुऊन, आटवून घट्ट करणारा कारागीर म्हणजे वॉकर. असे कारागीर शेकडो गावांत होते, त्यामुळे हे आडनावही शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं.

इथे बरेच जण एक सोपी संगती लावतात: कापडावर चालायचा म्हणून वॉकर. ही संगती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच या शब्दाची खरी गंमत आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ चालणं नव्हता. लोळवणं, घुसळणं, उलटंपालटं करणं, लाटांनी हेलकावे खाणं, असा तो अर्थ होता. त्याच काळातल्या लॅटिन-इंग्रजी शब्दयाद्यांत ‘वेआल्केरे’ हा शब्दही सापडतो आणि त्याचा अर्थ दिला आहे कापड घट्ट करणारा. पायी जाणं हा ‘वॉक’चा अर्थ त्यानंतरचा, साधारण १२०० सालाच्या आसपासचा. म्हणजे ‘वॉक’ला चालण्याचा अर्थ येण्याआधीपासून वॉकर आपल्या धंद्याच्या नावाने ओळखला जात होता. पायाने तुडवणं हा कामाचा भाग होताच, पण नाव पडलं ते कापड लोळवण्या-मळण्यावरून.

इंग्रजीच्या बहिणींकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. जर्मनमध्ये ‘वाल्कन’ म्हणजे आजही मळणं, कापड किंवा कातडं मळून घट्ट करणं. त्याचा चालण्याशी काही संबंध नाही, आणि जर्मनीतही ‘वाल्कर’ हे आडनाव आहे. या सगळ्यांच्या मुळाशी फिरणं, वळणं या अर्थाचा ‘वेल्’ हा प्राचीन धातू मानतात, आणि संस्कृतातला ‘वलते’ही त्याच धातूशी जोडला जातो. आपलं ‘वळणे’ तिथूनच आलेलं. लाडू वळणारा मराठी हात आणि कापड लोळवणारा यॉर्कशरचा कारागीर असे फार लांबून का होईना, एकाच धातूपाशी येतात. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला याहून मोठा आनंद कुठला!

आता तो धंदा जवळून पाहू, कारण तो कळल्याशिवाय आडनावांचा पुढचा पसारा उलगडत नाही. मागावरून उतरलेलं लोकरी कापड अंगावर घालण्याजोगं नसतं. मेंढीच्या अंगची चरबी त्यात असते, सूत काढण्याआधी लोकरीला चोळलेलं तेल असतं, वीण विरळ असते आणि तिच्यातून वारा आरपार जातो. ते कापड हौदात टाकायचं आणि त्यावर शिळं मूत्र ओतायचं. गावातल्या घराघरांतून ते गोळा केलेलं असे. शिळ्या मुत्रातल्या अमोनियामुळे तेलकटपणा सुटतो. मग एक विशिष्ट चिकणमाती मिसळायची, ती तेल शोषून घेते. आणि मग तासन्‌तास तुडवायचं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलाव्यात आणि दाबाखाली ते एकमेकांत अडकत जातात, वीण बुजते, कापड आटतं, जाड होतं, उबदार होतं. नंतर ते स्वच्छ पाण्यात धुऊन, उघड्या मैदानातल्या लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. शेवटी काटेरी बोंडांनी खरवडून त्यावर लव उभी करायची.

यातली ती माती आपल्या घरातच आहे. चेहऱ्याला लावायच्या मुलतानी मातीच्या पुडीवर इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ लिहिलेलं असतं. फुलरची माती. हा फुलर कोण, तर वॉकरचाच दक्षिण इंग्लंडमधला जातभाई. त्याच्याकडे येतोच.

सुती कापडाला ही तुडवणी लागत नाही, कारण कापसाच्या तंतूला ते खवले नसतात. त्यामुळे आपल्याकडे साळी आहेत, कोष्टी आहेत, रंगारी आहेत, शिंपी आहेत, परीट आहेत, पण नेमका या कामाचा शब्द मराठीत रुजलेला दिसत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरचा कोणताही ‘फुलर, किंवा कापडाचा वॉकर’ ती तशी करू शकणार नाही, असं वाक्य आलं. मराठी बायबलमध्ये त्या जागी परीट आहे. मूळ ओळीतला कापड शुभ्र करण्याचा अर्थ त्यात नीट उतरतो, फक्त लोकर आटवण्याचं काम त्यात मावत नाही. पण माझ्या दृष्टीने त्या इंग्रजी ओळीत सर्वांत मोलाचा शब्द आहे ‘किंवा’. एकाच कारागिराला देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी नावं होती, आणि भाषांतर करणाऱ्याला दोन्हीकडच्या वाचकांना समजवायचं होतं.

नावं खरं तर तीन होती. उत्तरेत आणि मध्य इंग्लंडच्या बऱ्याच भागात वॉकर. आग्नेयेला केंट, ससेक्स, सरे, सफोक या बाजूला फुलर. हा मूळ लॅटिन ‘फुल्लो’वरून जुन्या इंग्रजीत आलेला आणि पुढे नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमुळे आणखी पक्का झालेला शब्द. आणि नैर्ऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेटमध्ये टकर. टकरच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं ‘टुकिअन’ आहे. त्याचा अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे होणारे हाल पाहिले तर नाव चपखलच म्हणायला हवं. डेव्हनमधल्या एक्सटर शहरात विणकर, टकर आणि कापडाची लव कातरणारे यांच्या संघाचं १४७१ साली बांधलेलं सभागृह अजून उभं आहे आणि त्याचं नाव ‘टकर्स हॉल’ आहे. लंडनमध्ये मात्र याच कारागिरांच्या संघाला फुलरांचा संघ म्हणत. १५२८ साली तो लव कातरणाऱ्यांच्या संघात मिसळला आणि त्यातून क्लॉथवर्कर्स कंपनी झाली. तीही आज हयात आहे. विल्यम लँगलंड या चौदाव्या शतकातल्या कवीने तर एका दमात सगळी प्रक्रिया सांगितली आहे. मागावरून आलेलं कापड अंगावर घालायला शोभत नाही, आधी ते पायाखाली किंवा चक्कीच्या घणांखाली तुडवावं लागतं, पाण्यात धुवावं लागतं, बोंडांनी खरवडावं लागतं, ताणावं लागतं, मग ते शिंप्याच्या हाती जातं, असं तो म्हणतो.

त्यातला ‘चक्कीच्या घणांखाली’ हा भाग सोडून देऊ नये. पाणचक्कीच्या चाकाने लाकडी घण उचलून हौदातल्या कापडावर आपटायचे, ही युक्ती इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात आली. टेम्पलर नाइट या लढवय्या ख्रिस्ती संघाच्या मालमत्तेची ११८५ सालची पाहणी आहे, तिच्यात यॉर्कशर आणि कॉट्सवोल्ड्समधल्या अशा चक्क्यांची नोंद आहे. पुढच्या शे-दीडशे वर्षांत त्या सगळीकडे झाल्या. आणि याच काळात इंग्लंडमध्ये आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. म्हणजे ज्यांच्या घराण्याला वॉकर हे आडनाव कायमचं चिकटलं, त्यांतल्या कितीतरी जणांनी कापडावर पायही ठेवला नसेल, ते चक्की चालवत असतील. शब्द चालण्याचा असता तर चक्कीवाल्यांना तो लागूच पडला नसता. चक्कीलाही उत्तरेत ‘वॉक मिल’च म्हणत. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गाव आहे. वेल्समध्ये अशा चक्कीला ‘पांडी’ म्हणतात, आणि टोनीपांडी या खाणकामगारांच्या गावाच्या नावात ती पांडी आहे.

आडनाव स्थिर होतानाची अवस्था पाहायची असेल तर १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्या पाहाव्यात, विशेषतः यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागातल्या. कारागिरांकडून जास्त पट्टी घेत, म्हणून तिथे माणसाच्या नावापुढे धंदाही लिहिला आहे. कुठे आडनाव आणि धंदा अजून एकच आहेत, कुठे दोघांची फारकत झालेली आहे. त्या पिढीनंतर वॉकरचा मुलगा लोहार झाला तरी वॉकरच राहिला.

आणि नकाशा? तो आश्चर्य वाटावं इतका टिकला. १८८१ च्या जनगणनेतली आडनावं जिल्हावार मांडली की पाचशे वर्षांनंतरही वॉकर यॉर्कशर-लँकशरकडे दाट, टकर डेव्हनकडे, फुलर ससेक्स-केंटकडे, असंच चित्र दिसतं. रेल्वे, गिरण्या, मोठी शहरं, एवढं सगळं होऊनही. विणकराचंही तसंच आहे, उत्तरेत वेबस्टर, दक्षिणेत वेब. पण तीन शब्दांची अशी स्वच्छ विभागणी दुसऱ्या कुठल्या धंद्यात क्वचितच सापडेल.

संख्येने या तिघांत वॉकर खूप पुढे आहे. इंग्लंड-वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलने १८५३ साली सर्वसाधारण आडनावांचा अंदाज काढला, त्यात वॉकर अठरावं होतं, माणसं सुमारे ५९ हजार. आजही ते पहिल्या वीसांच्या आसपास आहे. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत ५,२३,१२९ वॉकर मोजले गेले. त्यांतले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत, आणि त्यांच्या बाबतीत यॉर्कशरच्या हौदाशी रक्ताचं नातं शोधण्यात अर्थ नाही. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर लाखो मुक्त माणसांनी आडनावं धारण केली, कधी जुन्या मालकाचं, कधी दुसऱ्याच कुणाचं, कधी आधीपासून आपसांत चालत आलेलं. त्याच्याही आधी, १८२९ मध्ये, डेव्हिड वॉकर या बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीय लेखकाने गुलामगिरीविरुद्ध इतकं जळजळीत पत्रक लिहिलं की दक्षिणेतल्या राज्यांनी त्याच्या प्रसाराला बंदी केली. केसांच्या औषधांचा मोठा धंदा उभारणाऱ्या मादाम सी. जे. वॉकर तर जन्माने सेरा ब्रीडलव्ह. १८६७ साली लुइझियानात, काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी त्या जन्मल्या आणि वॉकर हे नाव त्यांना नवऱ्याकडून मिळालं.

स्कॉटलंडमध्ये आणखी एक पदर आहे. तिथल्या डोंगराळ गेलिक भाषेत या कारागिराला ‘फूकदेर’ म्हणतात, आणि ‘मॅक अन उकदेर’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, असं आडनाव होतं. इंग्रजीचं वजन वाढलं तशा यांतल्या काही घराण्यांनी त्याचं सरळ भाषांतर करून वॉकर लावलं. हेब्रिडीज बेटांवर हे काम बायका करत. टेबलाभोवती बसून ओलं कापड हाताने आपटत, फिरवत, आणि त्या तालावर गाणी म्हणत. ती गाणी अजून गायली जातात.

स्कॉटलंडचं नाव निघालं की ‘जॉनी वॉकर’ आठवणारच. १८२० मध्ये जॉन वॉकरने किल्मार्नकमध्ये किराणा दुकान टाकलं, तिथून ही व्हिस्की निघाली. बाटलीवरचा टोपी-छडीवाला, ढांगा टाकत निघालेला गृहस्थ मात्र १९०८ सालचा, टॉम ब्राउन या चित्रकाराने काढलेला. तोवर शब्दाचा जुना अर्थ पुसट झाला होता आणि ‘वॉकर म्हणजे चालणारा’ हेच सगळ्यांना उघड वाटत होतं. हा समज जगभर घट्ट करण्यात त्या चित्राइतका वाटा दुसऱ्या कशाचा नसेल.

एक अपवाद नोंदवायला हवा. न्यूकासलला टाइन नदीकाठी ‘वॉकर’ नावाचाच भाग आहे. त्या नावाचा पहिला भाग ‘वॉल’, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची भिंत, आणि पुढचा भाग दलदलीसाठीचा नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतला, शब्द. भिंतीजवळची दलदल. त्या भागातून निघालेल्या एखाद्या घराण्याचं आडनाव गावावरून पडलेलं असू शकतं.

बडोद्याच्या कर्नलला हे लागू होत नाही. तो १७६४ साली स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात, कोलेसी गावच्या धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. फाइफ हा सखल भाग, तिथे गेलिक फार पूर्वीच मागे पडली होती आणि कापड आटवायला तिथले लोक ‘वॉक’ हाच शब्द वापरत. त्यामुळे त्याच्या आडनावामागे गेलिकचं भाषांतर असण्यापेक्षा फाइफमधलाच कुणी कापड तुडवणारा पूर्वज असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.