छोट्या काउंटीतली फौजदारी दप्तरे कशी शोधावीत : जेफ डेव्हिस काउंटी, टेक्सास

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण डॅलसला राहता, पश्चिम टेक्सासमध्ये जेफ डेव्हिस काउंटीत आकाशदर्शनासाठी थोडी जमीन आणि एक केबिन घेतली आहे, तिथल्या किल्ल्या आणि देखभाल एका स्थानिक गृहस्थांकडे सोपवायची आहे, आणि त्यांच्यावर पूर्वी काही खटले झाले होते का हे पाहायला गेलात तर पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांखेरीज काहीच हाती लागत नाही. त्या संकेतस्थळांना एक डॉलरही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती ठिकठिकाणचा जुना माल घाऊक विकत घेऊन एकत्र करतात, एकाच नावाच्या दोन माणसांची सरमिसळ करतात, न्यायालयाने पुसून टाकलेल्या नोंदीही कित्येकदा तशाच ठेवतात, आणि ज्या लहान काउंट्यांनी आपले दप्तर कधी विकलेच नाही त्यांच्याबद्दल ‘काही आढळले नाही’ असे छातीठोकपणे सांगतात.

खटल्याचे मूळ कागद तो खटला ज्या काउंटीत चालला तिथल्या क्लर्ककडेच असतात, हे एकदा लक्षात घेतले की पुढचे सोपे होते. टेक्सासमध्ये 254 काउंट्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी हे काम दोन कार्यालयांत वाटलेले असते. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले, डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांचे दप्तर डिस्ट्रिक्ट क्लर्क सांभाळतो. क्लास ए आणि क्लास बी मिस्डिमीनर, म्हणजे ज्यांत फार तर एक वर्षापर्यंत काउंटीच्या तुरुंगात जावे लागते असे गुन्हे, काउंटी कोर्टात चालतात आणि ते कागद काउंटी क्लर्ककडे असतात. मात्र 8,000 पेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे देण्याची मुभा राज्यघटनेने दिली आहे. जेफ डेव्हिस काउंटी क्षेत्रफळाने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडी मोठी असली तरी 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 2,000 सुद्धा भरली नाही. त्यामुळे तिथे एकच क्लर्क दोन्ही दप्तरे पाहतो आणि फोर्ट डेव्हिस या काउंटीच्या मुख्य गावातल्या कोर्टहाउसला एकच पत्र लिहून आपले काम भागते. तिथले 394 वे डिस्ट्रिक्ट कोर्ट शेजारच्या काउंट्या धरून पाच काउंट्यांचे मिळून आहे, म्हणून न्यायाधीश दुसऱ्या गावी भेटले तरी फाइल फोर्ट डेव्हिसलाच असते. न्यायाधीशांच्या कार्यालयाला फोन करून वेळ घालवू नये.

पत्रात ‘या माणसाची पार्श्वभूमी कळवा’ असे लिहिल्यास उत्तर येणार नाही, किंवा आले तर नकाराचे येईल, कारण क्लर्कचे काम मत देण्याचे नसून नोंदी दाखवण्याचे आहे. त्याऐवजी असे लिहावे : ‘अमुक पूर्ण नाव, अमुक जन्मतारीख, या व्यक्तीच्या नावे 2000 पासून आजपर्यंत दाखल झालेल्या फेलनी आणि मिस्डिमीनर खटल्यांचा आपल्या सूचीत शोध घ्यावा, खटला आढळल्यास कॉज नंबर (म्हणजे खटल्याचा क्रमांक) आणि अंतिम आदेशाची साधी प्रत द्यावी, शोधाचे व प्रतींचे शुल्क आधी कळवावे.’ शुल्क माफकच असते. शिक्क्याची प्रमाणित प्रत मागण्याची आपल्याला गरज नाही. त्याच कार्यालयात जमिनीचे दस्त, विवाहाचे परवाने आणि बहुधा निवडणुकाही असतात, म्हणून मार्चमधल्या प्राथमिक निवडणुका आणि नोव्हेंबर हे दिवस टाळून पत्र पाठवावे. जुन्या वर्षांची सूची अनेक छोट्या कार्यालयांत अजूनही बाइंड केलेल्या वह्यांतच असते. तेव्हा कोणत्या वर्षापासून संगणकावर शोध होतो, हे मुद्दाम विचारावे.

नावाच्या बाबतीत त्या भागात विशेष काळजी लागते. मेक्सिकन वळणाच्या नावात आधी वडिलांचे आणि मग आईचे आडनाव येते. एखाद्या कारकुनाने शेवटचा शब्द आडनाव धरून नोंद केली असेल, तर तोच माणूस सूचीत दोन ठिकाणी सापडतो किंवा एकाही ठिकाणी सापडत नाही. दोन्ही आडनावांनी, जोडून आणि सुटे, शोध मागावा. (आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते हे अमेरिकन कार्यालयांना समजावून दमलेल्यांना ही अडचण नवी वाटणार नाही.)

क्लास सी मिस्डिमीनर, म्हणजे वाहतुकीचे नियमभंग, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गोंधळ घालणे, अगदी किरकोळ चोरी असे 500 डॉलरपर्यंत दंडाचे गुन्हे, जस्टिस ऑफ द पीसच्या न्यायालयात चालतात आणि क्लर्कच्या सूचीत येत नाहीत. देखभालीच्या कामासाठी मी तिकडे फारसे लक्ष देणार नाही.

काउंटीच्या जोडीला राज्याची नोंदही पाहावी. टेक्सासचा डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, म्हणजे डीपीएस, दोषसिद्धी आणि (पुढे समजावलेल्या) डिफर्ड अ‍ॅड्जुडिकेशनच्या नोंदी नावावरून शोधण्याची सोय थोड्या शुल्कात सर्वांना देतो. ही सोय चांगली आहे, पण तिथली माहिती पोलीस, सरकारी वकील आणि क्लर्क यांनी कळवल्यावरच चढते. कुठल्याही टप्प्यावर कळवायचे राहिले की नोंद अर्धवट राहते. म्हणून डीपीएसचा शोध काउंटीच्या शोधाला पूरक समजावा, पर्याय नव्हे. लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही डीपीएसकडेच असून ती विनाशुल्क पाहता येते.

सीमेलगतच्या त्या भागात एक गोष्ट हमखास निसटते. अमली पदार्थांची वाहतूक, माणसांची चोरटी ने-आण अशी प्रकरणे बरीचशी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, न्यायालयात जातात आणि त्यांचा मागमूस काउंटी क्लर्ककडे नसतो. त्यासाठी पेसर या फेडरल प्रणालीवर खाते उघडून टेक्सासच्या वेस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये नाव शोधावे. पानाला 10 सेंट पडतात, एका दस्तऐवजाला 3 डॉलरची मर्यादा आहे, आणि तिमाहीत 30 डॉलरपर्यंतच वापर झाला तर काहीच आकारत नाहीत.

आता कागद हाती आल्यावर तो वाचायचा कसा, कारण खरी चूक इथेच होते. समजा सूचीत एक ओळ आहे : घरफोडी, फेलनी, 2009, निकालाच्या रकान्यात ‘डिसमिस्ड’. एवढ्यावरून माणूस निर्दोष ठरत नाही आणि चोरही ठरत नाही. खटला मागे घेण्याच्या अर्जात कारण लिहिलेले असते, पुष्कळदा छापील यादीवर खूण करून. पुरावा अपुरा, साक्षीदार सापडत नाही, नुकसान भरून दिले, किंवा आरोपी दुसऱ्या खटल्यात दोषी ठरला. शेवटचे कारण असेल तर तो दुसरा कॉज नंबर शोधल्याशिवाय या ओळीला अर्थ नाही, आणि तो खटला शेजारच्या काउंटीतही असू शकतो. ‘नो बिल’ असे दिसले तर ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवायलाच नकार दिला, असे समजावे. डिफर्ड अ‍ॅड्जुडिकेशनमध्ये आरोपीने गुन्हा कबूल केलेला असतो किंवा निदान आरोप नाकारलेला नसतो, मात्र न्यायालय दोषी ठरवण्याचा निर्णय पुढे ढकलून त्याला देखरेखीखाली ठेवते आणि अटी पाळल्यास खटला निकाली काढते. ही दोषसिद्धी नव्हे, पण नॉनडिस्क्लोजरचा, म्हणजे नोंद लोकांना न दाखवण्याचा, आदेश मिळवला नसेल तर नोंद दिसत राहते. तेव्हा आरोपाचे नाव न पाहता अंतिम आदेश वाचावा, आणि त्यानंतर किती वर्षे स्वच्छ गेली ते पाहावे. वीस वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याची एक शिक्षा केबिनच्या किल्लीशी फारशी संबंधित नाही. घरमालकाच्या वस्तू विकल्याचा पाच वर्षांपूर्वीचा खटला नक्कीच आहे.

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाकडून अटकेची मूलभूत माहिती टेक्सासच्या माहिती अधिकाराच्या, म्हणजे पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्टखाली मागता येते. (हा कायदा न्यायालयांना लागू नाही, म्हणून क्लर्कला लिहिताना त्याचा हवाला देऊ नये.) पण अटक म्हणजे गुन्हा नव्हे, आणि छोट्या गावात अशी चौकशी संध्याकाळपर्यंत त्या गृहस्थांच्या कानावर जाते. त्यापेक्षा आपणच त्यांना आधी सांगावे की काम देण्यापूर्वी न्यायालयाच्या नोंदी पाहणार आहोत. जन्मतारीख आणि पूर्वीची नावे तशीही त्यांच्याकडूनच मिळायची आहेत. स्वतः नोंदी पाहायला परवानगी लागत नाही. एखाद्या कंपनीकडून अहवाल मागवणार असाल तर मात्र अशा अहवालांवरच्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टनुसार त्यांची लेखी संमती घ्यावी लागते, आणि अहवालावरून नकार देण्याआधी त्याची प्रत त्यांना द्यावी लागते.

ते पूर्वी दुसऱ्या राज्यात राहिले असतील तर तिथली पद्धत वेगळी असेल. विस्कॉन्सिन आणि मिझुरीत राज्यभरातल्या न्यायालयांच्या नोंदी घरबसल्या फुकट दिसतात. न्यू यॉर्कमध्ये राज्यव्यापी शोधाला 95 डॉलर मोजावे लागतात. कॅलिफोर्नियात फौजदारी दप्तर पाहायला साधारणपणे कोर्टहाउसमध्येच जावे लागते. त्यांनी मागची दहा-पंधरा वर्षे कोणत्या काउंट्यांत काढली एवढेच इथे कळवा, नाव लिहू नका. त्या-त्या ठिकाणी कोणत्या कार्यालयाला पत्र घालायचे ते सांगतो.