"या की" म्हणाले म्हणून लगेच निघू नका (नाताळची रोषणाई आणि वसतिगृहातलं वाटप)

धुळ्यातल्या देवपूरच्या ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. २५ डिसेंबरला मुलांना आणि सासूबाईंना घेऊन नवापूर भागातल्या चर्चची रोषणाई बघायची आणि त्याच फेरीत एका वसतिगृहातल्या मुलांना स्वेटर आणि खाऊ वाटायचा, असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या सरकारी कार्यालयात फोन केला तर "या की" म्हणाले. आता स्वेटर किती घ्यावेत एवढाच तुमचा प्रश्न आहे.

ताई, आम्हालाही हेच दोन शब्द मिळाले होते, म्हणून स्वेटरचा आकडा सांगायच्या आधी हे सगळं लिहिते. गाडी, रस्ता, गरम कपडे याबद्दल सांगत नाही, ते तुम्ही बघालच.

गोष्ट २०१७ ची. आम्ही अमळनेरला राहतो. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, सासूबाई सत्तरीच्या पुढे. गल्लीतल्या घरांनी दोनशे-दोनशे रुपये दिले, आमच्या बचत गटातल्या बायांनी पन्नास-पन्नास दिले, उरलेले आम्ही घातले आणि धुळ्याच्या बाजारातून ६४ स्वेटर घेतले. सगळे एकाच मापाचे, कारण घाऊक भावात तसेच मिळत होते. २० तारखेला, बुधवारी, मी कार्यालयात फोन केला. (कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, तिथली माणसं आता बदललीही असतील.) मी म्हटलं, "२५ ला येतो, मुलांना स्वेटर द्यायचेत." पलीकडून उत्तर आलं, "या की." मी आभार मानले आणि फोन ठेवला.

माझी चूक इथेच झाली. "त्या दिवशी मुलं असतील का?" हे मी विचारलंच नाही.

२५ तारखेला पहाटे निघालो. दहिवेलला चहा घेतला, कोंडाईबारीचा घाट उतरलो, दहाच्या सुमारास वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो. फाटकाला कुलूप. बराच वेळ हाका मारल्यावर वॉचमन आले. म्हणाले, "पोरं घरी गेली ना ताई. नाताळ आहे." सासूबाई गाडीतूनच विचारत होत्या, "काय व्हयनं वं? पोरे कोठे शेतस?"

नवापूर तालुक्यात आदिवासी ख्रिस्ती वस्ती मोठी आहे हे मला माहीत होतं. ते बघायलाच तर आम्ही निघालो होतो. पण ज्या सणासाठी आपण जातोय तो सण त्या मुलांचाही आहे, आणि सणाला मूल आपल्या घरी जाणार, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. दिवाळीत पुण्याच्या होस्टेलवरची आपली पोरं तिथेच बसून राहतात का? मुलीनं गाडीत विचारलं, "आई, आपण येणार हे त्यांना सांगितलं नव्हतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि फोनवर "या की" म्हणणाऱ्या माणसाचं कार्यालय? त्या वर्षी २३ ला चौथा शनिवार, २४ ला रविवार, २५ ला नाताळ. सलग तीन दिवस बंद. बुधवारी फोन उचलणाऱ्याच्या समोर कॅलेंडर असणारच. एक नजर टाकली असती तर आमचा दिवस आणि पुढचे दोन महिने वाचले असते. मला त्या माणसाचा राग आजही येतो, लपवत नाही. त्यानं नकार दिला असता तर मी त्याचे आभार मानले असते.

कारण खरा त्रास पुढे सुरू झाला. स्वेटर वॉचमनकडे ठेवायला ते तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. आम्ही गठ्ठे परत आणले. २७ ला फोन केला तर साहेब रजेवर. १ तारखेनंतर या. १ नंतर गेलो तर लेखी अर्ज करा. अर्ज दिला तर वस्तूंची यादी जोडा. यादी जोडली तर खरेदीची पावती जोडा. पावती दिली तर, "वस्तू स्वीकारायचा अधिकार या टेबलाला नाही, तुम्ही वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेशी परस्पर बोला." हे वाक्य पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला नवऱ्याची एक रजा आणि पेट्रोल. इकडे बचत गटातल्या बाया विचारायच्या, "पोचले का हो स्वेटर?" त्यांच्या पन्नास रुपयांचं मोल मला माहीत आहे. आमच्या पुढच्या खोलीत ते गठ्ठे संक्रांत होऊन गेली तरी पडून होते.

शेवटी फेब्रुवारीत दुसऱ्याच एका संस्थेनं घेतले. तोवर दुपारी ऊन चटकायला लागलं होतं. त्यातही माप एकच असल्यामुळे लहान मुलांना ते गुडघ्यापर्यंत आले आणि दहावीच्या मुलांच्या खांद्यात बसले नाहीत.

म्हणून ताई, आकडा ठरवू नका. तो तिथल्या माणसाला ठरवू द्या. कार्यालयाला नको, थेट वसतिगृहाच्या अधीक्षकांना किंवा संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: मुलं कोणत्या तारखेपर्यंत आहेत, कोणत्या मापाची किती आहेत, आणि या घडीला कशाची गरज आहे. तिसऱ्या प्रश्नाला मला पुढे जी उत्तरं मिळाली त्यात स्वेटर एकदाही आला नाही. टॉवेल, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, बादल्या, कंदिलासारखे चार्जिंगचे दिवे, एका ठिकाणी नुसतं चांगलं खोबरेल तेल. ऐकायला हे सणासुदीचं वाटत नाही, पण मागितलंय ते द्यावं.

तारीखही बदला. वाटप करायचंच तर १५ ते २० डिसेंबरच्या मध्ये, मुलं घरी जायच्या आधी. सरकारी कार्यालयात काही काम असेल तर लक्षात ठेवा, २०२० पासून राज्य सरकारला पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे दर शनिवार बंद.

पैशांचं थोडक्यात. मी वकील नाही, सीए नाही, जे शिकले ते सांगते, खात्री तुम्ही करून घ्या. घरच्या पैशातून देत असाल तर काही प्रश्न नाही. पण आमच्यासारखी चार घरांतून वर्गणी काढणार असाल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क वाचा. गणपती मंडळं धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घेतात ती याच कलमाखाली. आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी थेट नोंदणीकृत संस्थेला देऊन आपापल्या नावाची पावती घेणं सगळ्यात सोपं. देणगीवरची आयकराची सवलत (८०जी म्हणतात ती) हवी असेल तर रोख २,००० रुपयांच्या वर देऊ नका, ती रक्कम धरत नाहीत. वस्तू दिल्या तर सवलत मिळतच नाही.

आणि फोटो. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असे फोटो पसरवायला बाल न्याय कायद्यात, २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ मध्ये, मनाई आहे. वसतिगृह त्या व्याख्येत येतं की नाही यावर इथे वाद घालू नका, काढूच नका. आपलं मूल उभं राहून पुडा देतंय आणि त्याच वयाचं दुसरं मूल खाली रांगेत बसून घेतंय, हे चित्र मला बघवत नाही. त्या दुपारी ती मुलं नव्हती तेच बरं झालं, असं मला नंतर वाटायला लागलं. माझं मत टोकाचं आहे, इथल्या बऱ्याच जणांना पटणार नाही. पण मी आता वाटपाला मुलांना नेत नाही. सामान पोचवते, पावती घेते, परत येते. मुलांना न्यायचं ते सण बघायला.

तर आता सणाचं.

त्या दिवशी फाटकाशी आमचे पडलेले चेहरे बघून वॉचमनदादाच म्हणाले, "आलाच आहात तर आमच्या गावात संध्याकाळपर्यंत थांबा." थांबलो. छोटंसं कौलारू चर्च, अंगणात बांबूच्या कामट्यांचे आणि रंगीत कागदाचे तारे, आत बल्ब. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखेच, फक्त पाच टोकांचे. प्रत्येक घरावर एक. अंधार पडला आणि टेकडीच्या उतारावर ते तारे एकेक करून लागत गेले. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं सणाला गावी आली होती, ढोल होता, गाणी होती. त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. सासूबाई माळकरी, त्यांच्यासाठी वेगळा वरण-भात केला, न सांगता. आम्ही द्यायला गेलो होतो आणि त्यांच्या पंगतीला जेवून आलो. माझ्या मुलाला आज त्या दिवसातलं दुसरं काही आठवत नाही, ते तारे तेवढे आठवतात.

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर इतक्या लांब जायचा हट्ट करू नका. धुळ्यातही चर्च आहेत, आधी ती बघा. भुसावळला रेल्वेमुळे जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. पुढच्या वर्षी आम्ही तिकडेच गेलो, आणि अमळनेरहून सुरत-भुसावळ मार्गाची गाडी असल्यामुळे घाटही टळला. नवापूरलाच जाणार असाल तर रात्री कोंडाईबारीतून परतू नका. उसाचा हंगाम असतो, ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, धुकं पडलं तर जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. नवापूरला मुक्काम करा आणि सकाळी मुलांना रेल्वे स्टेशन दाखवा. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, हद्दीवर बाक आहे.

२४ च्या रात्रीच जायला पाहिजे असं काही नाही. ती रात्र त्यांच्या प्रार्थनेची. कॅथलिक चर्चमध्ये मध्यरात्रीचा मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असतो, गर्दी असते, घरचे लोकच उभे असतात. आपण रोषणाई बघायला जाणार असू तर २६ ते ३१ च्या मधली संध्याकाळ उत्तम. दिवे तसेच असतात, बऱ्याच ठिकाणी ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत गव्हाणीही (येशूच्या जन्माचा देखावा) असते. फादर किंवा पास्टर निवांत असतात, मुलांना समजावून सांगतात. २४ लाच जायचं असेल तर मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा: गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीच ठेवतात, तोवर जागा रिकामी असते. भुसावळला माझा मुलगा "बाळ कुठे गेलं?" म्हणून रडवेला झाला होता. तिथल्या एका आजींनी त्याला बाजूला बसवून सांगितलं की इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसनी खरा बैल, खरं गाढव आणून असा गोठा उभा केला होता, तेव्हापासून ही प्रथा पसरली. घरी आल्यावर त्यानं बैलपोळ्याचे मातीचे बैल काढून आपला गोठा मांडला.

अजून एक, कारण हे नेहमी होतं. मिस्साच्या शेवटाकडे लोक रांगेनं पुढे जाऊन कम्युनियन, म्हणजे पवित्र मानलेली भाकर, घेतात. तो आपल्याकडच्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. आपण जागेवर बसून राहायचं, कोणाला वाईट वाटत नाही. चर्चबाहेर चपला दिसल्या तर आपल्याही काढायच्या, आणि प्रार्थना चालू असताना मोबाइल पिशवीत.

जेवणाचं सोबत घ्या. डिसेंबरात भरताच्या वांग्यांना तोड नसते, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या आणि भरीत दुपारपर्यंत छान टिकतं. थोडं जास्तच घ्या. कोणी जेवायला बसवलं तर आपल्याकडेही पुढे ठेवायला काहीतरी असावं. आमच्याकडे त्या दिवशी ६४ स्वेटर होते आणि डबा रिकामा होता.

तुमच्या पोस्टमध्ये अधीक्षकांचा नंबर नाही असं लिहिलंय. कार्यालयाकडे तोच मागा, बाकी काही विचारू नका. आणि उद्याच मागा. २० तारीख उलटली की त्या टेबलावर कोणी भेटत नाही.