वाचकांचे प्रश्न : उभ्या गाडीची राखण

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही दोघंही रिटायर झालोय, साताऱ्यात राहतो. मागच्या वर्षी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि सांगलीच्या एका बॉडीबिल्डरकडून आतनं सगळी करून घेतली, बेड, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, टपावर सोलर, म्हणजे आता मोटरहोमच झाली म्हणा. वर्षातनं चार-पाच ट्रिपा होतात, बाकीचे दिवस गाडी कोरेगाव रोडला आमच्या प्लॉटवर उभी असते, घरापासनं लांब पडतं. गेल्या महिन्यात शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरची बॅटरी रात्रीतनं गेली, तेव्हापासनं ह्यांना झोप नाही, रोज सकाळी स्कूटरवर जाऊन गाडी बघून येतात. दुकानदार म्हणतो एआयएस-१४० वालाच ट्रॅकर घ्या, आरटीओला कंपल्सरी आहे, १२ हजार सांगतो. भाचा म्हणतो ॲपलचा तो छोटा एअरटॅग टाक मावशी, रिचार्ज नको न् काही नको. आमचं बजेट पाच हजार. त्यात नीट काही होईल का?
— एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : काकू, पाच हजारात होईल आणि चांगलं होईल. फक्त दुकानात जायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बाजारात जे ट्रॅकर मिळतात ते बहुतेक पळणाऱ्या गाड्यांसाठी केलेले असतात, टॅक्सी, टेम्पो, स्कूलबस, म्हणजे रोज इंजिन चालू, रोज बॅटरी चार्ज, आणि मालक दिवसातनं दहा वेळा ॲप बघणार. तुमची गाडी वर्षातले ३०० दिवस जागची हलत नाही. त्यामुळं फीचर किती आहेत हे विचारूच नका, विचारायचं एवढंच की गाडीला कुणी हात लावला नाही तर चाळीसाव्या दिवशी हा डबा जिवंत असेल का. बाकी सगळं त्याच्यामागनं येतं.

आधी दुकानदाराचं बघू. एआयएस-१४० हा नियम प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी आहे, बस, टॅक्सी वगैरे, १ जानेवारी २०१९ पासून नवीन रजिस्टर होणाऱ्या गाड्यांना तो लागू झाला, त्यात पॅनिक बटन पण लागतं. स्वतःच्या वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये मोडते, तिला हे बंधन नाही. पण एक करा, आरसी काढून बघा, त्यावर गाडी अजून प्रवासी वाहन म्हणूनच असेल तर आधी साताऱ्याच्या आरटीओत जाऊन बदलाची नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असल्या बदलाला परवानगी लागते, आणि नोंद नसली तर चोरीनंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. ट्रॅकरपेक्षा हे काम मोठं आहे, हे आधी उरका.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर. एअरटॅगमध्ये जीपीएस नसतंच. तो ब्लूटूथवर आसपासच्या ॲपलच्या फोनना हाक देतो आणि ते फोन त्याची जागा कळवतात. सीआर२०३२ सेल त्याला साधारण वर्षभर पुरतो हे खरं. पण कोरेगाव रोडच्या प्लॉटवर रात्री दोन वाजता आयफोन घेऊन कोण जाणार आहे? शिवाय कुणाचा तरी टॅग तुमच्यासोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते, कारण बायकांचा वगैरे कुणी चोरून माग काढू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलीय, आणि ती असलीच पाहिजे. घरात आयफोन असेल तर एक टॅग गादीच्या फोममध्ये शिवून टाका, गाडी हायवेला एखाद्या ढाब्यावर थांबली तर सापडेलही. पण सगळी भिस्त त्याच्यावर नको.

मी तुम्हाला सांगीन वायरिंगचा, सिम टाकायचा, आत स्वतःची छोटी बॅटरी असलेला ट्रॅकर घ्या, अडीच-तीन हजारात येतो, आणि फोरजी असलेलाच घ्या. टूजीवाला पाच-सातशेनी स्वस्त मिळतो म्हणून लोक घेतात, मग त्यात जिओचं सिम घालून बसतात आणि म्हणतात चालत नाही, अहो जिओकडे टूजी नाहीच मुळी, चालणार कसं. तुमच्या प्लॉटवर कुठल्या कंपनीची रेंज पक्की आहे ते आधी तिथं उभं राहून फोनवर बघा, भाच्याचा न् तुमचा असे दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन जा. काही ट्रॅकर स्वतःचं १३ आकडी नंबरचं सिम घालूनच येतात, ते आपल्याला बदलता येत नाही, तसला असेल तर कुठल्या नेटवर्कचं आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता बॅटरी, सगळ्यात जास्त गाड्या इथंच अडकतात. ट्रॅकर सरासरी ५० मिलिअँपिअर खात असेल तर ऐकायला काहीच वाटत नाही, पण दिवसाला १.२ अँपिअर-अवर झाले, ४० दिवसांत ४८, म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी संपली. लेड-ॲसिड बॅटरी त्याच्या खाली न्यायची नसते, शिवाय ती नुसती उभी राहूनही थोडी उतरतेच. मग तुम्ही दिवाळीत ट्रिपला निघायला जाणार आणि गाडी सेल्फच घेणार नाही. तोच ट्रॅकर गाडी उभी असताना झोपत असेल आणि ५ मिलिअँपिअर खात असेल तर महिनाभरात चार अँपिअर-अवर सुद्धा होत नाहीत. म्हणून दुकानदाराला स्लीप मोडमध्ये किती करंट खातो हे विचारा, त्याला सांगता आलं नाही तर खोक्यातला कागद काढायला लावा.

तुमच्याकडं सोलर आहे हे फार बरं झालं. ट्रॅकरची लाल वायर इंजिनच्या बॅटरीवर न घेता आतल्या, म्हणजे दिवे-फ्रिजच्या बॅटरीवर घ्या, ती उन्हावर चार्ज होत राहते. पण मेन स्विचच्या आधीनं घ्या. ट्रिपवरनं आल्यावर आपण सवयीनं मेन स्विच बंद करतो, वायर त्याच्या पलीकडं असली तर ट्रॅकरही तेव्हाच मेला. बॅटरीजवळच एक-दोन अँपिअरचा फ्यूज टाकायला इलेक्ट्रिशियनला सांगा, त्यात टाळाटाळ चालू देऊ नका, गॅस सिलेंडर असलेल्या गाडीत उघडी वायर शॉर्ट झालेली परवडत नाही.

बसवायची जागा: पत्र्याखाली सिग्नल येत नाही, सोलर पॅनेलच्या बरोबर खाली तर नाहीच. डॅशबोर्डच्या प्लास्टिकच्या आत खोलवर चालतो, फायबरच्या भागामागे चालतो. आधी नुसती टेप लावून ठेवा, गाडी पोवई नाक्यापर्यंत नेऊन परत आणा आणि ॲपमधली रेघ रस्त्यावरनं जातेय का शेतातनं ते बघा, मगच पक्का करा.

आणि फिटर जायच्या आधी त्याला बॅटरीची वायर तुमच्यासमोर काढायला लावा. चोर पहिलं तेच करतो. वायर निघाली की मिनिटाभरात तुमचा फोन वाजला पाहिजे, पॉवर कट म्हणून. मग अर्धा तास तशीच राहू द्या, चहा घ्या, न् ट्रॅकर आतल्या बॅटरीवर जागा सांगतोय का बघा. इंजिन बंद असताना गाडी हलली तर अलर्ट येतो का, हे दोन माणसांनी ढकलून बघता येतं. हे अलर्ट नुसते ॲपवर नकोत, फोनचं बॅटरी सेव्हर रात्री ॲप झोपवून टाकतं. कॉल येणारा मिळाला तर तोच घ्या, आणि दोन नंबर टाका, एक तुमचा आणि एक भाच्याचा.

माझंच सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी माझी व्हॅन कराडजवळ एका ओळखीच्यांच्या मळ्यात उभी होती. रोज रात्री जेवण झालं की मी ॲप उघडायचो, नकाशावर हिरवा ठिपका जागेवर दिसायचा, मी निवांत. एक दिवस गेलो तर टायरला गुडघाभर गवत, मागच्या दाराचं कुलूप पिरगाळलेलं, आतला सिलेंडर आणि शेगडी गायब. मग बसून नीट बघितलं तर ठिपक्याखाली बारीक अक्षरात शेवटच्या अपडेटची तारीख होती, २३ दिवसांपूर्वीची. सिमचं रिचार्ज संपलं होतं, ज्यांच्याकडनं घेतला त्यांनी आठवण केली नाही आणि मीही बघितलं नाही, ठिपका मात्र जिथं होता तिथंच हिरवा. तेव्हापासनं मी ठिपका बघतच नाही, तारीख न् वेळ बघतो. काकांनाही तेच दाखवा, ठिपका कुठं आहे ते नंतर, आधी तो कधीचा आहे ते. आणि रिचार्ज वर्षाचं एकदम मारा, कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवा.

दुकानात फक्त पहिली किंमत बघू नका. २,००० चा ट्रॅकर, पहिलं वर्ष फ्री आणि मग वर्षाला १,५०० रिन्युअल, तर पाच वर्षांत ८,००० गेले. ३,५०० चा ट्रॅकर, पहिलं वर्ष फ्री आणि मग वर्षाला ५००, तर ५,५००. रिन्युअल किती ते बिलावर लिहून घ्या.

बसवल्या बसवल्या पासवर्ड बदला. स्वस्तातल्या ट्रॅकरांना कंपनीतनंच १२३४५६ असा पासवर्ड येतो, २०१९ मध्ये अवास्ट ह्या सिक्युरिटी कंपनीनं दाखवलं होतं की असे सहा लाखांच्या आसपास ट्रॅकर तोच पासवर्ड ठेवून चालू होते, म्हणजे तुमची गाडी कुठं आहे हे तुमच्याआधी दुसऱ्याला कळणार.

ट्रिपला बामणोली-तापोळ्याकडं गेलात की ठिपका मध्येच थांबेल, घाबरू नका. जागा उपग्रहावरनं कळते पण ती पाठवायला मोबाईलची रेंजच लागते. चांगला ट्रॅकर तोवरचं साठवून ठेवतो आणि रेंजमध्ये आला की सगळं एकदम पाठवतो.

उरलेल्या पैशातनं एक दणकट स्टिअरिंग लॉक घ्या. ट्रॅकर चोराला अडवत नाही, गाडी गेल्यावर कुठं गेली एवढंच सांगतो. आणि खरंच कधी वेळ आली तर काकांना एकट्याला स्कूटरवर पाठवू नका, हात जोडून सांगतो. ११२ ला फोन करा आणि लाइव्ह लोकेशन पोलिसांना द्या. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात झिरो एफआयआरची तरतूद आहे, हद्द कुठली का असेना, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. ट्रॅकरचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, आणि आरसीची झेरॉक्स घरात एका पाकिटात ठेवा, गाडीत नको.

प्रश्न : माझ्या कॅम्परला ट्रॅकर आहे. फिटर म्हणतो रिले, म्हणजे इंजिनचा करंट तोडणारा छोटा स्विच, टाकली की मोबाईलवरनं इंजिन बंद करता येतं. टाकू का? आणि विम्यात सूट मिळते का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : गाडी चालूच होऊ नये ह्यासाठी रिले टाका, चालती गाडी बंद करायला अजिबात नको. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीनदा पाय दाबला की संपतो, आणि खंबाटकी घाटात एवढी वजनदार गाडी तशी सुटली तर आत चोर आहे पण समोरच्या मोटरसायकलवर कुणाचं तरी घरचं माणूस आहे. गाडी थांबल्यावरच कट होणारी रिले मिळते, तीच मागा आणि बसवल्यावर मोकळ्या मैदानात ट्राय करून बघा. घरातल्या पोरांच्या फोनवर ते बटन ठेवू नका. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापायच्या आधी सर्व्हिस सेंटरकडनं लेखी घ्या.

विम्याचं म्हणाल तर खाजगी गाडीला एआरएआयनं (गाड्यांची तपासणी करणारी पुण्याची संस्था) मान्य केलेलं अँटी-थेफ्ट डिव्हाइस असेल तर ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर २.५ टक्के सूट असते, जास्तीत जास्त ५०० रुपये. साधा ऑनलाइन मागवलेला ट्रॅकर त्यात धरत नाहीत, सर्टिफिकेट लागतं. तेवढ्या ५०० साठी महागडं डिव्हाइस घेऊ नका, पण असलेल्या ट्रॅकरला सर्टिफिकेट मिळतं का हे विचारून ठेवा. आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, क्लेमच्या वेळी कंपनी त्या मागते.