ख्रिस्ती लोक निसर्गाला देवाची निर्मिती मानतात. मग कोकणात असं काय दिसतं, ज्याने तुमचा विश्वास वाढतो?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: ‘विज्ञानाने कारण सांगितलं की देवाला जागा कुठे उरते?’ माझं सगळं उत्तर त्या ओळीलाच आहे.

मी दापोली तालुक्यातला, ख्रिस्ती घरातला. पाचव्या दिवशी देवाने पाण्यातले जीव उत्पन्न केले असं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहे आणि ते मी मनापासून खरं मानतो. जीवशास्त्र वेगळं सांगतं, हेही मला माहीत आहे; त्या वादात इथे शिरत नाही. पण एखाद्या गोष्टीचं कारण समजलं म्हणून माझं नवल ओसरलं, असं आजवर एकदाही झालेलं नाही. उलट, कारण माहीत नव्हतं तेव्हा मी नुसता बघून पुढे जायचो.

मीठच घ्या. लहानपणी आम्ही खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, चिंबोऱ्या धरायला जायचो. पायाखाली चिखल आणि त्यातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, मुळं. ऊन चढलं की तिवराच्या पानावर पांढरे बारीक कण चमकायचे. पान जिभेला लावलं की खारट! तेव्हा वाटायचं, भरतीचं पाणी उडून वाळलं असेल. पुढे कळलं की तिवराची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात आणि त्यातूनही जे आत शिरतं, ते पान आपल्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली ती मुळं हवा घेण्यासाठी असतात. हे कळल्यावर मी त्याच खाजणात पुन्हा गेलो आणि एक पान हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. माणूस ते पाणी प्यायला तर त्याची तहान आणखी वाढते.

तेच पाणी पिऊन कासव जगतं. आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले येतात. एका रात्री कासवमित्रांबरोबर, लांब उभं राहून, मला अंडी घालणारी कासवीण बघायला मिळाली. तिच्या डोळ्यांतून घट्ट पाणी ओघळत होतं. कोणालाही वाटावं, आई रडतेय. खरं तर डोळ्यांजवळच्या ग्रंथी शरीरातलं जादा मीठ त्या पाण्यावाटे बाहेर टाकतात. झाडाला पान दिलं, कासवाला अश्रू दिले. दोघांची अडचण एक आणि वाटा दोन. मी याला योजना म्हणतो, कारण मला दुसरा शब्द सापडत नाही.

मागच्या पायांनी तिने हात-दीड हात खोल खड्डा केला, शंभराच्या आसपास अंडी घातली, वाळू लोटली आणि मग अंग डावी-उजवीकडे झुकवत पोटाने धप् धप् वाळू दाबू लागली. तो आवाज अजून कानात आहे. मग ती समुद्राकडे वळली ती गेलीच. पिल्लांचं तोंड ती कधीच बघत नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, ३९व्या अध्यायात, देव शहामृगीबद्दल हेच बोलतो: ती अंडी मातीत सोडून जाते, ती धुळीत ऊब घेतात. पुढे ४५ ते ६० दिवस इथेही वाळूच आईचं काम करते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त.

आणि अंतरं! २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्खा भारत वळसा घालून. कासवं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने दिशा धरतात, असं संशोधक सांगतात. ते वाचून माझी प्रार्थना मोठी झाली.

एक गोष्ट मात्र मला टोचते. त्या शंभरातली बहुतेक पिल्लं मोठी होत नाहीत. खेकडे, कावळे, मासे टपलेलेच असतात. एवढा नाश कशासाठी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबालाही ते मिळालं नव्हतं. त्याला मिळालं ते देवाचं बोलणं, आणि ते बोलणं बरंचसं जनावरांबद्दलच होतं.

पूर्वी इथे अंडी उकरून नेत असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, असं आम्ही चर्चमध्ये ऐकतो. ती राखण प्रत्यक्ष करणारे बहुतेक जण माझ्या धर्माचे नाहीत, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त रात्री त्यांनी पुळणीवर काढल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान वेळासला किंवा आंजर्ल्याला या. सकाळी आणि संध्याकाळी, पिल्लं निघाली असतील तर, टोपलीतून वाळूवर सोडतात. दोरीच्या अलीकडे बसा. मोबाइलचा फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं आणि दिव्याने फसलं तर उलट दिशेला चालू लागतं. तळहाताएवढंही नसतं ते. लाट येऊन एकदा मागे फेकते, ते पुन्हा त्याच दिशेला तोंड करतं.