येण्याआधी इथली भांडणं समजून घ्या

तुम्ही नाशिकहून विचारलंत: तुम्ही अंबडच्या एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर, पत्नी नर्स, मुलगी चार वर्षांची. एक्स्प्रेस एंट्रीची, म्हणजे गुणांवर माणसं निवडणाऱ्या कॅनडाच्या योजनेची, तयारी चालू आहे, पण व्हॉट्सॲपवर रोज काहीतरी नवं येतं. कॅनडात भारतीय नकोसे झालेत, सरकार पडणार, नवं सरकार आलं की पीआर (कायम राहायचा परवाना) बंद. यातलं खरं किती, कोणता पक्ष आपल्या बाजूचा, आणि सरकार बदललं तर तुमचं काय होणार?

मी 2011 साली सांगलीहून आले, तेव्हापासून हॅमिल्टनमध्ये आहे. ओंटारिओतलं, टोरोंटोपासून तासाभरावरचं हे पोलादाचं गाव. इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करते. मी राजकारणात नाही, पण इथे राहून त्या गप्पांपासून लांब राहता येत नाही आणि मला राहायचंही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘कोणता पक्ष आपला’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. गेल्या दोन-तीन वर्षांत नियम कडक केले ते लिबरल पक्षाच्याच सरकारने, आणि त्याआधी दारं सताड उघडली होती तीही त्यांनीच. 2023 मध्ये देशाची लोकसंख्या एका वर्षात 3.2 टक्क्यांनी वाढली. इतकी वाढ 1957 नंतर झाली नव्हती. मग जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली. पीआर वर्षाला 5 लाखांवर न्यायचा बेत त्याच ऑक्टोबरात सोडून दिला आणि 2025 साठी 3 लाख 95 हजार ठरले. नोव्हेंबर 2025 च्या योजनेत 2026 ते 2028 दर वर्षी 3 लाख 80 हजार आहेत. पंतप्रधान ट्रुडो गेले, त्यांच्याच पक्षाचे कार्नी आले, दिशा तीच राहिली. खरी कात्री लागली ती विद्यार्थ्यांना आणि तात्पुरत्या कामगारांना: 2026 साठी नव्या विद्यार्थ्यांचा आकडा सुमारे 3 लाखांवरून 1 लाख 55 हजारांवर आला. तुमच्यासारख्या, शिक्षण आणि अनुभव घेऊन थेट पीआरवर येणाऱ्या कुटुंबाला दार बंद नाही. गर्दी मात्र वाढली आहे.

आता ‘भारतीय नकोसे झालेत’ याबद्दल. खोटं सांगून तुम्हाला बरं वाटायला लावणार नाही. 2024 च्या शरदात एन्व्हायरॉनिक्स संस्थेने लोकांना विचारलं, तेव्हा 58 टक्के लोक म्हणाले की देशात फार जास्त माणसं येत आहेत. एका वर्षात हे प्रमाण 14 अंकांनी वाढलं होतं. रस्त्यावर, बसमध्ये, इंटरनेटवर अपशब्द ऐकावे लागलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि ते वाईटच आहे. पण त्या 58 टक्क्यांतला एकेक माणूस काय म्हणतो, ते जवळून ऐकलं पाहिजे.

आमचे शेजारी सत्तरीतले आहेत, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर युनियनचे आणि म्हणून एनडीपी या डाव्या पक्षाचे. निवडणुकीत त्यांच्या अंगणात नारिंगी पाटी असायचीच. एप्रिल 2025 च्या निवडणुकीत तिथे विरोधातल्या, उजव्या कॉन्झर्व्हेटिव्हांची निळी पाटी आली, आणि तिच्याशेजारी हातभर अंतरावर लिबरलांची लाल. लाल पाटी त्यांच्या मुलीची, ती शाळेत शिक्षिका आहे. एका घरापुढे दोन पाट्या. मी कुंपणापाशी उभी राहून विचारलं, तर काका म्हणाले, “तुझ्याबद्दल नाही बोलत मी. पण माझा नातू 26 वर्षांचा आहे, पूर्णवेळ काम करतो, आणि अजून माझ्या बेसमेंटमध्ये राहतो. मी त्याच्या वयाचा होतो तेव्हा हे घर घेतलं होतं.” त्यावर मुलगी आतून ओरडली, “डॅड, घरं बांधू दिली नाहीत ती गावातल्या लोकांनीच! नवी इमारत येणार म्हटलं की सगळे विरोधाला जातात, तुम्हीही गेला होतात.” पुढचा अर्धा तास ते दोघं भांडत होते आणि मी ऐकत होते. मलाही माझं म्हणणं मांडायचं होतं, ते मी मांडलं: आमच्या लॅबमध्ये रात्रपाळीला निम्मी माणसं बाहेरून आलेली आहेत, ती नसती तर तुमच्या रक्ताचा रिपोर्ट सकाळी मिळाला नसता. काकांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की ऐकून घेतलं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

घर, डॉक्टर, पगार. राग बहुतेक या तीन गोष्टींचा आहे, आणि तुम्ही आलात की तो तुमचाही होईल.

या भांडणांत कोण कशाला जबाबदार हे कळणं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. मला ते समजायला चार वर्षं लागली. इथे तीन सरकारं आहेत. राजधानी ओटावाचं संघराज्य सरकार: व्हिसा, पीआर, नागरिकत्व, आयकर, जीएसटी, सीमा, लष्कर. प्रांताचं सरकार: दवाखाने, शाळा, गाडीचा परवाना, भाडेकरूंचे कायदे, व्यवसायांची नोंदणी. आणि नगरपालिका: बस, कचरा, बर्फ काढणं, कुठे किती मजली बांधायचं ते. 1867 च्या घटनेपासून ही वाटणी चालत आली आहे. म्हणजे माणसं किती यायची हे ओटावा ठरवतं, त्यांच्यासाठी डॉक्टर किती हे प्रांत ठरवतो, आणि घर बांधायला परवानगी देते नगरपालिका. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आम्हाला फॅमिली डॉक्टर मिळायला तीन वर्षं लागली, तोवर तापाच्या लेकराला घेऊन वॉक-इन क्लिनिकच्या रांगेत बसायचं. त्या काळात मी ओटावाच्या नावाने खडे फोडत होते. लॅबमधल्या एका वयस्क बाईंनी मला शांतपणे सांगितलं की बाई, पैशाचा काही भाग ओटावा देतं, 1984 च्या कायद्याने नियमही घालतं, पण दवाखाना चालवतो प्रांत, तेव्हा पत्र लिहायचं तर तिकडे लिही. पक्षांची नावंही फसवतात. आमच्या प्रांतात डग फोर्ड यांचं प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आहे, फेब्रुवारी 2025 मध्ये ते पुन्हा निवडून आलं, आणि दोनच महिन्यांनी ओंटारिओतल्या कितीतरी लोकांनी ओटावासाठी लिबरलांना मत दिलं. ती माणसं गोंधळलेली नव्हती. दोन वेगळ्या कामांसाठी त्यांनी दोन वेगळी माणसं निवडली.

लोक वाद घालतात कसे, त्याचं एक उदाहरण सांगते. कार्बन टॅक्सवरून, म्हणजे इंधन जाळण्यावरच्या करावरून, इथे वर्षानुवर्षं रान उठलं होतं. शेवटी पेट्रोलवर लिटरमागे 17.6 सेंट लागत होते, आणि त्याची परतफेड दर तीन महिन्यांनी खात्यात यायची. ओंटारिओत चौघांच्या कुटुंबाला 280 डॉलर. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमचा एक सहकारी तावातावाने म्हणाला की सरकार लुटतंय. दुसरीने त्याला फोनवर बँकेचं ॲप उघडायला लावलं. तिथे ती रक्कम होती. तीन महिन्यांनी येणारे हे पैसे कशाचे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “परतच द्यायचे तर आधी घ्यायचे कशाला?” मग तिने हिशेब मांडला: जो कमी जाळतो त्याला फायदा, जो जास्त जाळतो त्याला तोटा. तो म्हणाला, मी गावाबाहेर राहतो, तिथे बस नाही, मी काय घोड्यावर येऊ? दोघांचंही खरं होतं. 1 एप्रिल 2025 पासून सामान्य ग्राहकांवरचा तो कर कार्नींनी शून्यावर आणला. कॉन्झर्व्हेटिव्हांचे नेते पॉइलिएव ज्या एका मागणीवर दोन वर्षं सभा घेत होते, ती निवडणुकीआधीच संपली.

त्यात ट्रम्प. त्यांनी कॅनडाला 51 वं राज्य म्हणायला सुरुवात केली, आयातकर लावले, जून 2025 मध्ये पोलादावर 50 टक्के. आमच्या गावाला हा आकडा बातमीतून समजावा लागला नाही, घराघरांतून कळला. निवडणुकीचा निकालही तसाच चमत्कारिक होता: 343 पैकी 169 जागा मिळवून लिबरलांचं अल्पमतातलं सरकार आलं. हॅमिल्टनच्या मध्यावरची एनडीपीची जागा लिबरलांकडे गेली, आणि शेजारच्या पूर्व भागातली लिबरलांची कॉन्झर्व्हेटिव्हांकडे. पॉइलिएव आणि एनडीपीचे तेव्हाचे नेते जगमीत सिंग दोघेही स्वतःच्या मतदारसंघात हरले. नोव्हेंबरमध्ये अर्थसंकल्प 170 विरुद्ध 168 असा पास झाला. म्हणून ‘सरकार पडणार’ ही बातमी तुमच्याकडे सारखी यायला लागली. अल्पमतातली सरकारं इथे नवी नाहीत. 2019 आणि 2021 मध्येही तीच आली होती. सरकार पडलं तरी पीआरच्या फायली कचऱ्यात जात नाहीत. प्रांतांची भांडणं वेगळीच: अल्बर्टाला वाटतं आपल्या तेलाचा पैसा ओटावा लुटतं, आणि क्वीबेक आपले स्थलांतरित बऱ्याच अंशी स्वतःच निवडतं. तिकडे जायचा विचार असेल तर वेगळं विचारा.

आता आपल्या लोकांबद्दल, कारण हे कोणी लिहीत नाही. गणपतीच्या जेवणात मी ऐकलेला सगळ्यात कडवट वाद आपल्याच माणसांतला होता. तीस वर्षांपूर्वी आलेले एक काका म्हणाले, आता बास, दारं लावा, हे विद्यार्थी आपलं नाव खराब करतात. समोर बसलेला मुलगा जळगावचा होता. घरची जमीन गहाण टाकून आलेला. वर्क परमिटसाठी लागणारी भाषेची परीक्षा त्याच्या हातातली होती, ती त्याने दिली. पण नोव्हेंबर 2024 पासून शिक्षणानंतरच्या वर्क परमिटचे नियम आवळले गेले, आणि त्याच्या मागून आलेल्या मित्राचा कॉलेजचा कोर्स सरकारने ठरवलेल्या विषयांच्या यादीत बसेना. तो ताटावरून उठून गेला. मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या मुलांनी सरकारने स्वतः उघडलेल्या दारातून, मागितलेले पैसे भरून प्रवेश घेतला, त्यांना दोषी ठरवणं अन्याय आहे असं मला वाटतं, आणि हे मी इथल्या कुठल्याही पक्षाच्या माणसासमोर म्हणते.

पीआरवर असताना मत देता येत नाही. पाच वर्षांत 1,095 दिवस इथे राहिलात की नागरिकत्वाला अर्ज करता येतो, आणि ते घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. त्याचा विचार आईवडिलांशी बोलून आधीच करा. पण तोवर तोंडाला कुलूप लावायची गरज नाही. पीआर असलेल्याला लिबरल किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं सभासद होता येतं, मतदारसंघातला उमेदवार निवडताना पक्षात मत देता येतं. खासदाराला ओटावाच्या पत्त्यावर पत्र पाठवायला टपालखर्च लागत नाही. फाईल महिनोन् महिने अडकली तर खासदाराच्या स्थानिक कार्यालयात जायचं. तिथली माणसं ओळख किंवा वशिला विचारत नाहीत, फाईलचा नंबर विचारतात. माझ्या सासूबाईंच्या व्हिसाची चौकशी अशीच झाली होती. मी पहिलं मत 2019 मध्ये दिलं: शाळेचं व्यायामगृह, पुठ्ठ्याचा आडोसा, कागदाची मतपत्रिका आणि बारीकशी पेन्सिल. फुली मारताना हात थरथरला.

आता तुमच्या कामाचं. तुमच्याऐवजी पत्नीला मुख्य अर्जदार करून गुण मोजून बघा. 2023 पासून आरोग्यक्षेत्रासाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या होतात आणि त्यांत गुणांची रेषा बरीच खाली असते. फ्रेंच येत असेल तर त्याहून खाली. ‘जॉब ऑफर मिळवून देतो, गुण वाढतील’ असं म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. 25 मार्च 2025 पासून ऑफरचे गुणच काढून टाकले आहेत. नर्सची नोंदणी प्रांताकडे असते, ओटावाकडे नाही, म्हणून पीआरची वाट न बघता कुठल्या प्रांतात जायचं ते ठरवा आणि तिचे कागद आजच मागवायला लागा. तिच्या कॉलेजातून आणि नोंदणी परिषदेतून ते थेट इकडे यावे लागतात, त्यात महिने जातात. ओंटारिओत आलात तर सरकारी आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून, तीन महिन्यांची अट 2020 मध्ये गेली. मुलीसाठी केंद्राचा बालभत्ता मिळतो, उत्पन्नानुसार, सहा वर्षांखालच्या मुलाला जुलै 2025 ते जून 2026 या वर्षासाठी जास्तीत जास्त 7,997 डॉलर होता. पण दोघांनी दर वर्षी कर विवरण भरलं तरच, कमाई शून्य असली तरी.

पहिले सहा महिने पगार नसेल असं धरून पैसे बाजूला ठेवा. गुण मोजले की आकडा मला कळवा, आणि पत्नीचा अनुभव कुठल्या वॉर्डातला आहे तेही लिहा. आमच्या इस्पितळात त्या कामाची नर्स आहे, तिला विचारून सांगते.