मान्वार, शातो आणि आपली गढी

प्रश्न असा आहे: फ्रान्समधल्या ला मोत-शाँदनिये या पडक्या वास्तूवर मराठीत लिहायचंय. इंग्रजी मजकुरात तिला कुठे 'कॅसल' म्हटलंय, कुठे 'मॅनर'. मराठीत काय म्हणावं, किल्ला, हवेली की वाडा?

मी गढी म्हणेन. किल्ला म्हटलं की आपल्याला तटबंदी, दारूकोठार, किल्लेदार आठवतो. 'कॅसल'साठीचा फ्रेंच शब्द 'शातो' मात्र फार सैल आहे, द्राक्षमळ्याच्या मालकाचं घरही शातोच. 'मान्वार' (इंग्रजी 'मॅनर') म्हणजे लहान जमीनदाराचं राहतं घर. मूळ लॅटिन धातू 'मानेरे', म्हणजे राहणे. घराला फ्रेंच लोक 'मेझों' म्हणतात, तेही त्याच धातूचं. राहतं घर, पण बुरूज असलेलं, गावावर वचक ठेवणारं: याला आपल्याकडे गढीच म्हणतात. हवेली मला इथे फार नटवी वाटते.

खरी गंमत 'मोत' या शब्दात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मातीचा उंचवटा. भोवती चर खणायचा, निघालेली माती मधे रचायची आणि त्या टेकाडावर घर बांधायचं. इंग्रजांनी हा शब्द उचलला, पण टेकाड सोडून खड्ड्याला चिकटवला. तोच त्यांचा 'मोट', खंदक! 'दोंजों'चंही तसंच. फ्रेंचमध्ये तो धन्याचा मुख्य बुरूज (लॅटिन 'दोमिनुस', धनी), तर इंग्रजीत 'डंजन' झाला अंधारकोठडी. तेव्हा फ्रेंच मजकुरातल्या दोंजोंला तळघरात ढकलू नका.

आमच्या आजोळची गढीही टेकाडावरच आहे. बुरुजातून पिंपळ फुटलाय, आणि धाब्यावर टाकायला लोक तिची पांढरी माती पाट्या भरभरून नेत. शाँदनियेतही पिंपळ सोडला तर चित्र तेच: छप्पर गेलेलं, आत झाडं वाढलेली, भोवती पाणी.

ही जागा तेराव्या शतकापासूनची, बोसे घराण्याची. शाँदनिये हे नाव नंतरच्या रोशश्वार घराण्याच्या जहागिरीवरून पडलं. आज दिसतात ते बुरुजांचे सुळके बरेचसे एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीने उभारलेले, त्यामुळे 'मध्ययुगीन इमारत' असं सरसकट लिहू नका. जागा मध्ययुगीन आहे. १९३२ साली खोल्या गरम ठेवायची नवी यंत्रणा बसवली आणि आग लागून मुख्य इमारत जळाली. २०१७ मध्ये जगभरच्या २५ हजारांहून अधिक लोकांनी किमान ५० युरोंची वर्गणी काढून ती ५ लाख युरोंना विकत घेतली.

इतके वाटेकरी असलेल्या मालमत्तेला मराठीत नेमका शब्द आहेच, 'सामाईक'. तेव्हा 'सामाईक गढी' लिहा, फक्त सातबाऱ्याची आठवण येईल.